इस्तीर आत्याचं कफन

मिन्या, इजिप्त,
ईस्टरनंतरचा आठवडा

आदरणीय तफीदाताई,

ख्रिस्त उठला. ("खरोखर उठला" हे तुझं उत्तर मी गृहीत धरतो.) तुझे गुडघे, दाजींची साखर आणि गच्चीवरची कबुतरं, तिन्हींची खुशाली कळव. इकडे सगळे बरे आहेत. आत्या बरी आहे, म्हणजे डॉक्टरांच्या मते तिनं जितकं बरं असायला हवं त्याहून पुष्कळच बरी आहे. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मी दरवर्षीप्रमाणे खारवलेला मासा खाल्ला आणि दरवर्षीप्रमाणे पस्तावलो. हे पत्र अबूना बिसेन्तींच्या हाती पाठवतो आहे. (तू अलेक्झांड्रियाला गेल्यानंतर आपल्या चर्चला आलेले हे धर्मगुरू. वयानं लहान, आवाजानं मोठे.) फोन केला असता, पण तुझ्याकडचा फोन नेहमी युस्तीना उचलते, आणि लग्न तोंडावर आलेल्या मुलीला काही गोष्टी न कळलेल्या बऱ्या. पत्राबरोबर एक पुडकं आहे. ते आत्ताच उघडू नकोस. आधी पत्र वाच. बसून वाच, आणि शेगडीवर काही असेल तर उतरवून ठेव.

आतोबा गेल्यापासून आत्याचं एकच म्हणणं होतं, हे तुला सांगायला नको. यरुशलेमला जायचं, यार्देन नदीत आपलं कफन बुडवायचं, प्रभूच्या थडग्यापाशी शिळेवर ते पसरायचं आणि घरी आणून कपाटात ठेवून द्यायचं. मग देवानं हवं तेव्हा बोलवावं. आपल्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हेच म्हणणं असतं, पण आत्याचं कारण वेगळं. आतोबा भर उन्हाळ्यात गेले, घाई होती, आणि शेजाऱ्यांनी जी पुढे केली त्या चादरीत त्यांना पुरलं. चादर पट्ट्यापट्ट्यांची होती, निळ्या आणि तपकिरी. तेव्हापासून तिला वाटतं की हा माणूस स्वर्गाच्या दारात झोपायच्या कपड्यांत उभा आहे. (मी एकदा म्हणालो की तिथे कपडे कोण बघतं. ती म्हणाली, जो तसा उभा असतो तो बघतो.) दोघांपैकी एकानं तरी नीट नेसून जावं, एवढंच तिचं मागणं. म्हणून तू मठातल्या बहिणींकडून तिचं कफन शिवून घेतलंस, कोपऱ्यात क्रूस आणि "प्रभो, तुझ्या दासी इस्तीरची आठवण ठेव" ही अक्षरं भरून घेतलीस, आणि निळ्या दोऱ्यानं बांधलेलं पुडकं इकडे पाठवलंस. त्याच बहिणींनी त्याच महिन्यात युस्तीनाच्या लग्नासाठीही काही भरतकाम केलं होतं, ही गोष्ट आम्हां कोणाच्या डोक्यात नव्हती. तुझ्याही नसावी. डॉक्टरांनी आत्याची छाती तपासून मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की या हृदयाला हा एक प्रवास झेपेल, दुसरा नाही. ते हे हळू बोलले. आत्यानं ते दाराआडून नीट ऐकलं आणि घरी येऊन बॅग भरली.

पुडकं कोणीच उघडून पाहिलं नाही, याबद्दल तू मला बोल लावशील. पण आत्याचा नियम तुला ठाऊक आहे: नदीवर पोचायच्या आत उघडलेलं कफन मालकिणीला हाक मारतं. कैरोच्या विमानतळावर एका साहेबानं ते उघडायला सांगितलं. बिचारा आपलं काम करत होता. आत्यानं त्याला सांगितलं की ही माझी शेवटची वस्त्रं आहेत. त्यानं पुन्हा सांगितलं. मग ती म्हणाली, "उघडते की. पण त्यानं हाक मारली तर माझ्या जागी तू जाशील का, बाळा?" साहेबानं पुडकं यंत्रातून पाठवलं, पडद्यावर बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, कापडच दिसतंय. आम्हां सर्वांचं समाधान झालं. यंत्राला भरतकाम दिसत नाही, हे त्यानंही सांगितलं नाही.

आमच्या तांड्याचे दोन पुढारी होते. एक अबूना, जे झाडूच्या दांड्याला तांबडा रुमाल बांधून पुढे चालत. दुसरे मुकद्दस हबशी. आतोबांचे हे दोस्त पूर्वी एकदा यरुशलेमला जाऊन आले, आणि जाऊन आलेल्याला लोक मरेपर्यंत मुकद्दस म्हणतात, म्हणून तेव्हापासून ती पदवी लावल्याशिवाय हाक मारली तर ते ओ देत नाहीत. (त्यांची बायको ती लावत नाही. घरात ते फार शांत असतात.) मला या पदवीचं हसू येतं, हे तू जाणतेस. माणूस बसमध्ये बसतो, बसमधून उतरतो, आणि पवित्र होतो. हबशीकाकांना तिकडची प्रत्येक गोष्ट माहीत होती, फक्त ती कुठे आहे हे माहीत नव्हतं. यरीहोत त्यांनी आम्हांला जक्कयाचं उंबराचं झाड दाखवलं, ज्यावर चढून त्या बुटक्या जकातदारानं प्रभूला पाहिलं. बायकांनी खोडाची चुंबनं घेतली, पानं प्रार्थनेच्या पुस्तकांत ठेवली, एकीनं तर रडूनही घेतलं. मग बस वळली आणि कोपऱ्यावर कुंपण घातलेलं, पाटी लावलेलं खरं झाड दिसलं. पहिलं झाड एका गॅरेजवाल्याचं होतं. बसमध्ये सगळे हबशीकाकांकडे बघू लागले. आत्यानं मात्र आपली पानं टाकली नाहीत. तिचं म्हणणं, जक्कयही काही झाड निवडत बसला नव्हता, समोर आलं त्यावर चढला. हबशीकाका त्यावर "तेच तर मी म्हणतो" असं म्हणाले. ते काहीच म्हणत नव्हते.

मग यार्देन. नदी तुला वाटते तेवढी रुंद नाही. पाणी चहासारखं, मधे दोरी, आणि दोरीपलीकडे दुसरा देश, तिथेही पांढरे झगे घातलेले असेच भाविक. जरा मोठ्यानं बोललं की पलीकडे ऐकू जातं. अबूना बोलले की न बोललेलंही ऐकू जातं. आत्यानं चष्मा काढून माझ्या खिशात ठेवला, लाकडी पायऱ्यांवरून कमरेइतक्या पाण्यात उतरली, निळा दोरा सोडला, डोळे मिटले आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं कापड बुडवलं. मी तिचा दंड धरून होतो. कापड पाण्यावर पसरलं, आणि मला त्यावर कबुतरं दिसली. एकमेकांना चोच लावलेली दोन. मी मनात म्हटलं, बहिणींनी छान केलं, यार्देनवर कबुतरच हवं, इथे बाप्तिस्मा घेताना प्रभूवर आत्मा कबुतराच्या रूपानंच उतरला होता. एक पुरलं असतं. मग द्राक्षांची वेल दिसली. मग नावं दिसली. तफीदाताई, मी गप्प राहिलो असतो. आत्याला चष्म्याशिवाय हातभर अंतरावरचं दिसत नाही. मी ते गुंडाळलं असतं, घरी येऊन तुला कळवलं असतं, आपण दोघांनी मिळून काहीतरी केलं असतं. पण हबशीकाकांना दिसेल ते मोठ्यानं वाचायची सवय आहे, दुकानांच्या पाट्यांपासून. त्यांनी वाचलं: "युस्तीना आणि बिशारा. सुखाचा घास."

तो टेबलक्लॉथ होता.

पुढे जे झालं ते लिहायला मला लाज वाटते, कारण त्यात सगळ्यांनी भाग घेतला. एक म्हणाली, पाण्याला काय कळतं, आहे त्यातच पुरा. दुसरी म्हणाली, जिवंत पोरांची नावं थडग्यात घालायची? उद्या त्यांच्या संसाराला काही झालं तर? तिसरी म्हणाली, नावं उसवा. चौथी म्हणाली, सुईची भोकं राहतात. पलीकडच्या देशातून एका बाईनं विचारलं, काय झालं गं? हबशीकाकांनी तिला सगळं सांगितलं, अगदी पट्ट्यांच्या चादरीपासून. मग तो काठही वादात उतरला. तिकडचं मत पडलं की म्हातारीनं आपलं कापड ठेवावं आणि पोरांनी दुसरं घ्यावं. इकडच्या बायकांनी विचारलं, भरतकाम कोण करणार, तुम्ही? दोन्ही काठांवरचे पहारेकरी शिपाई आधी आमच्यावर नजर ठेवून होते, मग नुसतेच ऐकत होते. शेवटी हबशीकाकांनी निकाल दिला की या कापडाचं आता काहीच होऊ शकत नाही. नावं आहेत म्हणून ते कफन नाही, आणि कफन म्हणून बुडवलंय म्हणून त्यावर नवरानवरीनं जेवणं अशुभ.

आत्या या सगळ्यात पायरीवर बसली होती. ओलं कापड मांडीवर, पाय पाण्यात. तिनं माझ्याकडून चष्मा मागून घेतला आणि ती वेल आणि कबुतरं बोटानं चाचपत पाहिली. (बहिणींचं काम फार सुरेख आहे, हे मी कबूल करतो.) मला डॉक्टरांचं वाक्य आठवत होतं. तिलाही आठवत असणार. दुसरा प्रवास नाही. मग ती हबशीकाकांना म्हणाली, "भावजी, प्रभू या पाण्यात उतरला तेव्हा तीस वर्षांचा होता. लग्नाच्या वयाचा. मेला तो नंतर, आणि दुसरीकडे. या पाण्यात अशुभ कुठून येईल?" आणि माझ्याकडे वळून: "पीळ ते. माझ्या एकटीच्यानं व्हायचं नाही. पोरीचं आहे, जपून पीळ."

मी इतकी वर्षं शाळेत भाषा शिकवली. तिथे उपयोगी पडले ते हात. मी कापड पिळलं.

बसमध्ये ते कापड आमच्या सीटच्या पाठीवर वाळत होतं, आणि आत्या पुढे जाऊन अबूनांशी बोलत होती. गालील प्रांतात आम्ही जाणार होतो, पण काना गाव यादीतून वगळलं होतं, कारण हबशीकाकांच्या माहितीप्रमाणे तिथे दारूची दुकानं सोडून काही नाही. आत्याचं म्हणणं सरळ होतं. कफन आणलं असतं तर थडग्यावर नेलं असतं. पण हातात लग्नाचं कापड आहे, तर ते लग्नघरी नेलं पाहिजे, आणि प्रभू ज्या लग्नाला गेला होता आणि जिथे त्यानं पाण्याची वाइन केली ते घर काना गावात आहे. अबूनांनी यात चूक शोधली. चर्चला येण्याआधी ते इंजिनियर होते, त्यांना चुका सापडतात. या वेळी सापडली नाही. त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरची मावशी कानात राहते असं निघालं, त्यामुळे त्याच्या बाजूनं काही अडचण नव्हती.

तर बुधवारी आम्ही कानाच्या चर्चमध्ये, पहिल्या बाकावर तो टेबलक्लॉथ पसरला. सुरकुत्या पडल्या होत्या, बायकांनी हातानं काढल्या. अबूनांनी युस्तीना आणि बिशारासाठी प्रार्थना केली. मग आत्या म्हणाली, लग्नाचं गीत म्हणा. आणि इथे खरी पंचाईत झाली, कारण तो दुःखसप्ताह होता, ईस्टरआधीचा, प्रभूच्या मरणाचा. त्या आठवड्यात आपल्या चर्चमध्ये आनंदाची चाल लावायची नाही, म्हणजे नाही. बुधवारपासून तर पापी घेऊन प्रभूला पकडून देणाऱ्या यहूदाची आठवण म्हणून कोणी कोणाची पापीही घेत नाही. अबूना दाढी धरून उभे राहिले. पलीकडे कुठल्यातरी परदेशी जोडप्याला कोणीतरी आशीर्वाद देत होतं, टाळ्या वाजत होत्या. शेवटी अबूना म्हणाले की शब्दांना बंदी नाही, बंदी चालीला आहे. आणि त्यांनी लग्नाचं गीत शोकाच्या चालीत सुरू केलं.

ताई, ते मी तुला कसं सांगू. शुक्रवारी प्रभूला थडग्यात ठेवताना आपण जी चाल म्हणतो, ती लांबलचक, श्वास संपेपर्यंत एकाच अक्षरावर थांबणारी चाल, आणि शब्द मात्र मुकुट घातलेल्या वराचे आणि अंगणातल्या वधूचे. सुरुवातीला मला हसू येत होतं. मी रुमाल तोंडाशी धरला. मग पाहिलं तर बायका रडत होत्या, हबशीकाका रडत होते, आणि ते परदेशी जोडपंही टाळ्या थांबवून उभं होतं. आत्या रडत नव्हती. ती सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, नेहमीसारखी बेसूर, गात होती, आणि कापडावरची सुरकुती तळव्यानं काढत होती. रुमाल मी तोंडावरून खाली घेतला नाही, पण कारण बदललं होतं. तुझ्या मुलीचं लग्न अलेक्झांड्रियात कसंही वाजतगाजत होवो. ते एकदा कानात लागलेलं आहे.

शुक्रवारी थडग्याच्या चर्चमध्ये गेलो. प्रभूला क्रूसावरून उतरवून जिच्यावर ठेवलं त्या शिळेभोवती गर्दी, आणि प्रत्येकीच्या हातात कफन. पसरायचं, तेल लावायचं, घडी घालायची, सरकायचं. आत्याची पाळी आली तेव्हा तिनं दोन्ही तळवे शिळेवर पालथे ठेवले. नुसते. टेबलक्लॉथ बॅगेतच होता, इथे तो तिनं बाहेर काढला नाही. तेवढ्यात मुकद्दस हबशी गर्दीतून वाट काढत आले आणि त्यांनी आपलं स्वतःचं कफन तिच्यापुढे धरलं. मागच्या खेपेला बुडवलेलं आणि या खेपेला पुन्हा बुडवलेलं. घ्या वहिनी, म्हणाले, मी पुन्हा येऊ शकेन. (तेही येऊ शकणार नाहीत. त्यांना दम लागतो.) आत्यानं ते हातात घेतलं, डोळ्यांना लावलं, त्यांच्या उंचीकडे एकदा पाहिलं आणि परत दिलं. "भावजी, देव तुमचं भलं करो. पण हे मला गुडघ्यापर्यंतच येईल." हबशीकाका हसले, आणि मग बराच वेळ खांबाकडे तोंड करून उभे राहिले. मी या माणसाबद्दल तुला आजवर जे जे लिहिलं आहे त्यातलं निम्मं खोडून टाक. वरचं झाडाचं राहू दे.

बाकी हकिगत थोडक्यात. शनिवारी थडग्यातून पवित्र अग्नी निघाला आणि सगळ्यांनी त्यावर मेणबत्त्या पेटवल्या तेव्हा हबशीकाकांच्या मेणबत्तीनं माझी डावी भुवई नेली. यात्रेची खूण म्हणून हातावर क्रूस गोंदवायला गेलो, तिथे आत्या गोंदवणाऱ्याशी त्याच्या सासूबद्दल बोलत बसून राहिली, आणि मी सुई पाहूनच आडवा झालो. शुद्धीवर आलो तर डोकं आत्याच्या मांडीवर, आणि क्रूस गोंदवून झालेला. तिनं सांगितलं होतं, आता आडवा आहे तोवर उरकून घ्या.

टेबलक्लॉथ पुडक्यात आहे. सुखरूप आहे, बहुतेक. दाजींना नमस्कार, युस्तीनाला आशीर्वाद.

तुझा भाऊ,
नाशिद

ता. क. आता मुद्द्याचं. टेबलक्लॉथ इकडे आला, याचा अर्थ कफन तिकडे आहे. युस्तीनाच्या लग्नाच्या पेटीत, निळ्या दोऱ्यानं बांधलेलं. रविवारी बिशाराची आई रुखवत पाहायला येणार, आणि ती प्रत्येक वस्तू उलगडून पाहते असं तूच लिहिलं होतंस. त्याआधी पेटी उघड. हे पत्र वाचून होताच उघड.

ता. क. दुसरा. टेबलक्लॉथच्या एका कोपऱ्यावर तांबडा डाग आहे. कानाच्या दुकानदारानं सगळ्यांना वाइनचा एकेक घोट दिला, आणि हबशीकाका नवरानवरीचं नाव घेऊन पेला उंचावायला गेले. आत्या म्हणते, डाग धुऊ नकोस. कानातली वाइन आहे. बिशाराची आई विचारेल तर तिला तेच सांग, आणि मग ती काय म्हणते ते मला सविस्तर कळव.

ता. क. तिसरा. डॉक्टरांनी काल आत्याला तपासलं, दोनदा तपासलं, आणि आपलं यंत्र तपासलं. आत्यानं त्यांना सांगितलं की कफन अजून धुवायचं राहिलंय, त्यामुळे सध्या मरता येणार नाही. तिनं अबूनांकडे पुढच्या वर्षासाठी नाव दिलं आहे. ताई, माझी भुवई अजून उगवलेली नाही. पुढच्या खेपेला तिच्याबरोबर तू जा. खरं म्हणजे एवढं मागायलाच मी हे पत्र लिहायला बसलो होतो.

ता. क. चौथा. वरचं आत्याला वाचून दाखवलं. तिसरा ता. क. रद्द समज, मीच जातो आहे. तुझे गुडघे त्या पायऱ्यांना चालणार नाहीत, आणि ते गाणं तुला जमणार नाही. उत्तर पाठवशील तेव्हा पाकिटावर "मुकद्दस नाशिद" असं लिही. आमचा पोस्टमन नावं मोठ्यानं वाचतो.

ता. क. शेवटचा, आत्यानं सांगितलेला, तिच्याच शब्दांत. तफीदा पोरी, कफन इकडे पाठवायच्या आधी त्याच्या कडेला एक पट्टी शिव. निळी-तपकिरी. तशा चादरी बाजारात अजून मिळतात. मी एकटीच नटून गेले तर तुझ्या आतोबांना दारात आणखीच ओशाळल्यासारखं होईल. शिवायला ते उघडावं लागेल हे मला माहीत आहे. उघड खुशाल. त्यानं हाक मारली तर मी इथून सांगेन, थांब, अजून ओलं व्हायचं आहेस.